गोमाजी थांबतो

आमच्या गावात माणसाची किंमत तो काय करतो यावर ठरत नाही, तो कुठं थांबतो यावर ठरते. तुमच्या दारावरून जो सरळ निघून गेला तो घमंडी, मग त्यानं गावाला सोन्याची नाली बांधून दिली तरी. आणि जो थांबला, ओट्यावर टेकला, तुमची बिडी पेटवून "काहून गा, बरं हाय ना?" म्हणाला, तो देवमाणूस. या हिशेबानं सरपंच गोमाजी हा आमच्या भागातला सर्वांत मोठा देवमाणूस होता.

मी इश्वर. अड्याळच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी पिठाची चक्की आहे आणि चक्कीसमोर ओटा आहे. गोमाजी सकाळी घरून निघाला की ग्रामपंचायतीत जाईपर्यंत तीन ठिकाणी थांबायचा. पहिला थांबा माझा ओटा, दुसरा शकुनबाईचं दार, तिसरा मारुतीसमोरचा पिंपळाचा पार. यात कधी बदल झाला नाही. पाऊस असो, ऊन असो, वर कलेक्टर येऊन बसलेला असो, गोमाजी माझ्या ओट्यावर टेकणार म्हणजे टेकणार. बसल्या बसल्या पोटरी चोळायचा, माझ्या बंडलातली एक बिडी काढायचा आणि डोळे मिटून माझं ऐकायचा.

ऐकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. माझ्या चक्कीसमोरची नाली त्यानं पाच वर्षांत साफ केली नाही. मी रोज तक्रार करायचो आणि तो रोज असा कळवळून ऐकायचा, की या भल्या माणसाला आपण उगाच त्रास देतो असं वाटून मीच त्याला चहा मागवायचो. नाली तुंबलेलीच राहिली. मच्छर वाढले. गोमाजीबद्दलची माझी माया मात्र आटली नाही.

शकुनबाईचं तर विचारूच नका. म्हातारी एकटी. पोरगा नागपूरला गेला तो सुनेचा झाला, हे तिचं रोजचं पारायण. आम्ही सगळे ते ऐकून कंटाळलो होतो. गोमाजी मात्र तिच्या चौकटीला हात लावून उभा राहायचा, दात आवळायचा, कपाळावर आठ्या, डोळ्यांत पाणी, आणि तोंडातून "अरे रे रे" निघायचं. शकुनबाई गावभर सांगायची, "सख्ख्या पोराच्या डोयात पानी येत नाही माह्यासाठी, अन् गोमाजीच्या येते."

या भांडवलावर तो मागच्या वेळी तुलारामला पाडून सरपंच झाला. तुलारामनं मेंबर असताना बंद पडलेली बोअरिंग चालू करून दिली होती, शाळेवर पत्रे टाकून दिले होते. पण तो गावातून फटफटीवर जायचा आणि हात दाखवायच्या ऐवजी हॉर्न वाजवायचा. अशा माणसाला कोण मत देईल? बोअरिंगचं पाणी पिऊन लोकांनी गोमाजीला मतं दिली.

भानगड सुरू झाली मागच्या थंडीत. गोमाजीचा डावा पाय रात्रंदिवस गार राहायचा म्हणून तो शेकोटीत पाय घालून बसायचा. एके दिवशी कातडं जळल्याचा वास आला तेव्हा सगळे चुलीकडे पाहायला धावले. जळत होता गोमाजीचा अंगठा, आणि गोमाजी बिडी ओढत धानाच्या भावावर बोलत होता. त्याला पत्ताच नव्हता.

अंगठ्यावर फोड आला, फुटला, आणि भरायचं नाव घेईना. मग गावातले सगळे विद्वान जागे झाले. विमलाबाई म्हणाली वात आहे, वांगं बंद करा. भय्याजी आमच्याकडचे नाडीवैद्य, म्हणजे शाळेत नापास झाल्यावर त्यांनी तोच धंदा धरला होता. त्यांनी पोटरी अशी पिळली की गोमाजी पाटावरून उठून उभा राहिला, आणि लोक म्हणाले, पाहा, गुण आला. कोणीतरी तुलारामनं करणी केली असंही सुचवलं. तुलारामला करणी करायला गावात थांबावं लागलं असतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी गोमाजीची बायको सुलोचनाबाई माझ्या चक्कीवर आली. "इश्वरभाऊ, पोते उतरवा तुमच्या ऑटोतले. यायले दवाखान्यात न्याचं हाय." ही बाई बोलते कमी, पण बोलली की वाद घालायची सोय नसते. मी पोती उतरवली.

आरोग्य केंद्रात डॉक्टर सुगत. आमच्याच गावचा, परसराम कंडक्टरचा पोरगा. गावाच्या पलीकडच्या टोकाला बुद्धविहाराजवळ त्यांचं घर. त्यानं गोमाजीला टेबलावर झोपवलं, आणि हात सोडून पाय धरला. पावलावर दोन बोटं ठेवून कितीतरी वेळ चाचपत राहिला. मग घोट्यामागं बोटं ठेवली.

"नाडी हातात रायते ना गा डाक्टर," गोमाजी म्हणाला. "पायात काय ढुंढून राहिला?"

"पायात पण राहते काका. तुमच्या डाव्या पायात सापडून नाही राहिली."

मग त्यानं बीपीचा पट्टा काढला आणि चक्क नडगीवर गुंडाळला. बाहेर बसलेले लोक खिडकीतून हसायला लागले. परसरामच्या पोराला हात कुठं आणि पाय कुठं तेही समजत नाही, असं एकानं जाहीर केलं. सुगतनं लक्ष दिलं नाही. पावलाला चिकट मलम लावून त्यावर पेनासारखी मशीन टेकवली. उजव्या पायात रक्ताचा आवाज आला, धाप लागलेल्या कुत्र्यासारखा, भक् भक् भक्. डाव्या पायात नुसती बारीक फुसफुस.

"हातात जेवढा जोर तेवढा पायात पाहिजे," सुगत म्हणाला. "तुमच्या डाव्या पायात अर्धा पण नाही. काका, चालताना पोटरी दुखते?"

"नाही."

"थांबल्यावर बरं वाटते?"

"दुखतच नाही त बरं काय वाटन?"

सुलोचनाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिथूनच म्हणाली, "अजी, खरं सांगा. घरी रात्री पाय खाटेखाली लोंबकळवून झोपता, थे पन सांगा."

गोमाजीनं माझ्याकडे पाहिलं. "इश्वर, तू बाहीर जाय."

मी गेलो नाही. ऑटो माझा होता.

तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बोलला. "तुया ओट्यापरेंत आलो का पोटरी अशी आवळते गा, जसा कोनी दोर बांधून वढून राहिला. बसलो का सुटते. मंग शकुनबाईच्या दारापरेंत जमते. मंग पारापरेंत."

मला समजायला जरा वेळ लागला. मग असा संताप आला की काय सांगू. पाच वर्षं मी या माणसाला चहा पाजला! माझ्या प्रेमापोटी नव्हे, माझ्या गप्पांपोटी नव्हे, हा पोटरीपोटी थांबत होता. माझा ओटा चार घरं पुढं असता तर यानं मला ओळखही दाखवली नसती. आणि ती आठ्यांची, दात आवळण्याची, डोळ्यांतल्या पाण्याची करुणा!

सुगत त्याला समजावत होता. नहर धरणापासून निघते, पण मध्ये गाळ साचला तर शेवटच्या बांधीला, टोकाच्या शेताला, पाणी पोचत नाही, धान वाळते. तुमचा अंगठा म्हणजे शेवटची बांधी. गाळ कशाचा, तर बिडीचा. "बिडी आजपासून बंद. भंडाऱ्याला पायाची सोनोग्राफी करू, मग नागपूरला नस मोकळी करून घेऊ. उशीर केला तर अंगठा जाईल, अन् अंगठ्यावर भागलं नाही तर पाय."

"इलेक्शन झाल्यावर पाहू ना," गोमाजी म्हणाला.

"काहून?" सुलोचनाबाई म्हणाली. "खुर्चीवर बसाले पाय लागत नाही म्हनून?"

मग तो नागपूरला गेला. जाताना माझ्याकडून शपथ घेतली, की पोटरीची गोष्ट गावात फुटता कामा नये. गावाला सांगितलं, लेकीकडे चाललो, गुड्डीच्या घरी. तिथल्या डॉक्टरांनी जांघेतून तार घातली, तारेवरून फुगा नेला, नस फुगवली आणि आत बारीक जाळी बसवून दिली. गोमाजी सगळं जागेपणी पाहत होता म्हणे. नंतर मला सांगत होता, "इश्वर, पाय गरम झाला ना गा. टेबलावरच. जसं कोनी पावलावर कोमट पानी टाकलं."

अंगठा भरला. आणि एका सकाळी मी चक्कीचा पट्टा चढवत होतो तर गोमाजी समोरून आला आणि निघून गेला. थांबला नाही! हात वर करून "राम राम" म्हणाला, हसला आणि पुढं. शकुनबाई चौकटीत तयारच होती, तिच्याही पुढं. पिंपळाचा पार गेला, ग्रामपंचायत गेली. नवीन जोडा मिळालेलं पोरगं चालते तसा चालला होता. मी पोतं तसंच टाकून मागं गेलो. तलावाच्या पाळीवर उभा होता, छाती भरून श्वास घेत. पाण्यावर बदकं होती.

"तलाव किती जवळ हाय ना गा," तो म्हणाला. "मले वाटे, तलाव दूर गेला."

माझा राग तिथंच उतरला. माणूस कसाही असो, त्याला त्याचा तलाव परत मिळालेला पाहून बरं वाटते.

पण गावाला बरं वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत निकाल लागला होता. गोमाजीला घमंड आला. नागपूर पाहून आला. पारावर कोणी बिडी पुढं केली तर हा हात जोडून म्हणतो, सोडली. आता सोडली म्हणजे काय? आमच्याकडे बिडी नाकारणं म्हणजे ताटावरून उठणं. "आपली बिडी नाही चालत आता याले," एक जण म्हणाला, "तिकडं सिगारेट पेत असन." आणि शकुनबाई तर रडली. दुसऱ्या दिवशी त्याला हाक मारून तिनं थांबवलं, सुनेची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि गोमाजी निवांत, ताज्या चेहऱ्यानं ऐकत राहिला. दुखतच नव्हतं तर चेहरा वाकडा कसा होणार? म्हातारीनं मध्येच बोलणं तोडलं. "जाय बाबा तू. माह्या दुःखाचं आता तुले काही वाटत नाही."

निवडणूक धान निघाल्यावर होती. गोमाजीचा पोरगा धनंजय प्रचार सांभाळायचा. त्याला सगळं ठाऊक होतं आणि त्याचं डोकं तुलारामपेक्षा जोरात चालायचं. "बाबा, थांबत जा," तो म्हणाला. "पयले थांबत होते तसेच."

गोमाजी थांबायला लागला. पण न दुखता थांबणं हे नाटक्याचं काम आहे, आणि गोमाजी नाटक्या नव्हता. माझ्या ओट्यावर यायचा, बसायचा, आणि काय करावं ते न सुचून उठायचा. शकुनबाईच्या दारात आठ्या घालायला गेला तर तिला वाटलं पोट बिघडलं, तिनं ओवा आणून दिला. भलत्याच दारात थांबला तर ते लोक म्हणाले, पाच वर्षांत आज दिसलो का आम्ही? आता पाय चालत होता म्हणून गावाच्या पलीकडच्या टोकापर्यंतही गेला, जिथं त्याचा पाय पूर्वी कधी पोचलाच नव्हता. तिथं सुगतची आई रत्नमालाबाई अंगणात होती. तिनं खुर्ची दिली, चहा दिला.

"बिडी नाही मिळणार भाऊ, डॉक्टरचं घर आहे," ती म्हणाली. "तुमच्या तब्येतीला पण ते चांगलं. आता नालीचं बोला."

गोमाजीनं चहाची तारीफ केली. चहा पिऊन तो परत आला. तुलाराम तिकडे फटफटी सोडून चक्क पायी फिरायला लागला होता, आणि त्याच्या खिशात दोन बंडलं असायची.

पोळ्याच्या दिवशी बैल मारुतीपुढं उभे होते, सारा गाव पारावर जमला होता. तुलारामनं सगळ्यांच्या देखत बिडी पेटवली आणि दुसरी गोमाजीपुढं धरली. म्हणाला, "घ्या सरपंच. की आमच्या हातची नाही चालत?" गोमाजीनं एकदा धनंजयकडे पाहिलं, एकदा गावाकडे, आणि बिडी घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या. बैलांपेक्षा जास्त कौतुक त्या बिडीचं झालं. आपला गोमाजी परत आला, असं जो तो एकमेकाला सांगत होता.

मग काय, दारोदार बिडी. ज्याची नाकारली त्याचं मत गेलं, म्हणून सगळ्यांची घेतली. रक्त पातळ ठेवायच्या नागपूरच्या गोळ्याही सुटल्या, कारण प्रचाराला निघायची घाई. सुलोचनाबाईनं बंडल चुलीत टाकलं तर नवीन आलं. तिनं मला सुगतला आणायला पाठवलं. सुगत आला, गोमाजीच्या अंगणात उकिडवा बसला, पावलावर बोटं ठेवली. उठताना त्याचं तोंड उतरलं होतं.

"काका, जाळी बंद होऊन राहिली. उद्या निघा."

"वोटिंग झाल्यावर निघतो ना बाप्पा. चार दिवसानं काय होते?"

"चार दिवसानं पाय जाते," सुगत म्हणाला. तो गोड बोलायला शिकला नव्हता. म्हणूनच आमच्या गावात त्याला कोणी हुशार म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोमाजी माझ्या ओट्यापर्यंत आला, खांबाला धरलं, दात आवळले आणि खाली बसला. या वेळी नाटक नव्हतं. मी म्हणालो, "गोमाजी, दुखते ना? ऑटो काढू का?" तो म्हणाला, "चुप राय. लोकं पाहून राहिले." खरंच पाहत होते. समोरच्या ओट्यावरून एक जण मोठ्यानं बोलला, "याले म्हन्ते माणूस! निवडणुकीच्या गडबडीत पन इश्वरच्या ओट्यावर टेकल्याबिगर जात नाही."

गोमाजी निवडून आला. घवघवीत.

मिरवणूक निघाली तेव्हा त्याच्यानं उभं राहवत नव्हतं. पोरांनी त्याला खांद्यावर उचललं आणि लोकांना वाटलं, काय प्रेम आहे! उजवा पाय धनंजयच्या खांद्यावर होता, डावा माझ्या. ढोल, फटाके, गुलाल. मी त्याचं पाऊल हातात धरलं. तलावातून काढलेल्या दगडासारखं गार. अंगठा काळा पडला होता, गुलालात ते दिसत नव्हतं. मी वर पाहून ओरडलो, "गोमाजी, पाय थंडा पडला ना गा!" तो वाकून म्हणाला, "शकुनबाईच्या दारात थांबव."

थांबवलं. शकुनबाई ओवाळायला ताट घेऊन आली. सवयीनं सुनेचा विषय काढला, आज पोरगा असता तर, वगैरे. वर गोमाजीचा चेहरा वेदनेनं पिळून निघाला होता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंडातून तेच जुनं, "अरे रे रे." म्हातारीनं ताट खाली ठेवलं आणि तीही रडायला लागली. "पाहा वो बाया, माह्यासाठी कसा कळवळते!"

सुलोचनाबाई गर्दी फाडून तिथपर्यंत आली होती. कपाळाला गुलाल नाही, अंगावर घरचंच लुगडं. "शकुनबाई, तुमच्यासाठी नाही वो," ती म्हणाली. "पाय दुखते यायचा. पाच वर्षांच्या वर झालं, पाय दुखते. साऱ्या गावाले हे इचारत होते, बरं हाय का. यायले कोनी इचारलं का?"

शकुनबाईनं डोळे पुसले आणि तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बायकोची जात. जळन होते बिचारीले."

ढोल परत सुरू झाला.

नागपूरच्या डॉक्टरांना या वेळी फुगा घालायला जागा सापडली नाही. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. गोमाजी आता घरातल्या खाटेवर असतो. धनंजय ग्रामपंचायतीचे कागद आणतो आणि सह्या घेऊन जातो. सुलोचनाबाई दारातच बसलेली असते आणि बिडी घेऊन समाचाराला येणाऱ्याला आत सोडत नाही, म्हणून आता समाचाराला कोणी येत नाही. मी जातो. परवा गेलो तर म्हणाला, "इश्वर, तलावात बदकं आले का गा?" मी आले म्हणून सांगितलं.

नाली तुंबलेलीच आहे. आणि पारावर रोज संध्याकाळी एकच चर्चा असते. निवडून येईपर्यंत दारोदार थांबत होता म्हणे, आता खुर्ची मिळाली तर घराबाहेर पाऊल टाकत नाही. घमंड आला गोमाजीले.